चर खणणारा पाद्री

रविवारची मिस्सा संपता संपता फादर म्हणाले, "उद्यापासून कामाच्या जागीही ख्रिस्त सांगा." मी संगमनेरात एका दुकानात हिशेब लिहितो. तिथं ख्रिस्त सांगायचा म्हणजे नेमकं काय? जीएसटीच्या बिलाखाली बायबलचं वचन छापायचं? गिऱ्हाईक परत येणार नाही, आणि मालक मलाही परत येऊ देणार नाही.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारताना एक जुनं दुखणं मध्ये येतं. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं. पुढे 1876-78चा दुष्काळ पडला आणि त्याच्या आगेमागे खेड्यापाड्यांतली बरीच माणसं ख्रिस्ती झाली. तेव्हापासूनचा टोमणा आमच्या पिढीपर्यंत पोचलाय: धान्यासाठी बाटले. यात थोडं खरं आहे, नाकारून उपयोग नाही. पण ज्यांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, त्यांना धान्यापेक्षा वेगळंही काही मिळालं असणार, हे टोमणा मारणारा कधी मोजत नाही.

तर प्रश्न असा, की दुष्काळी मुलखात ख्रिस्ती माणसानं पाण्याचं काम काढलं तर लोकांना गळ दिसणारच. मग करायचं काय?

याचं एक उत्तर आमच्याच तालुक्यात आहे, आणि त्यामागे हर्मन बाखर हे नाव आहे. 1924 साली स्वित्झर्लंडमध्ये जन्म, येशूसंघी धर्मगुरू, 1948 साली भारतात आले. साठच्या दशकात नगरमध्ये त्यांनी सोशल सेंटर उभं केलं. आधी विहिरींचं काम, मग 1972चा दुष्काळ. हळूहळू त्यांचं लक्ष विहिरीवरून डोंगरावर गेलं. पाऊस वरूनच वाहून जात असेल तर खाली कितीही खोल खणा, लागणार काय?

संगमनेर तालुका एका नजरेत कळत नाही. भंडारदरा धरण 1926 साली पुरं झालं, प्रवरेच्या काठी ऊस उभा राहिला. पण कालवा पोचत नाही तिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. दरेवाडी त्यातलंच. एप्रिल ते जुलै टँकर, शेतात तीन-चार महिने काम, उरलेलं वर्ष बाहेरगावी.

1992 साली भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. नाबार्ड त्यात भागीदार होती. 1993 साली बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट काढला. 1996च्या सुमाराला दरेवाडीत काम लागलं: माथ्यावर समपातळी चर, झाडं, मग खाली बांध आणि नाल्यावरचे बंधारे. माथा ते पायथा.

आता यातली खरी गोष्ट. गावाला फुकट काही मिळत नव्हतं. आधी श्रमदान, मग कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आणि तीही अख्ख्या गावानं मान्य केलेली. एका जातीनं किंवा एका आळीनं हो म्हणून चालत नव्हतं, कारण पाणी जात बघून मुरत नाही. मला यात त्या दुष्काळी टोमण्याचं उत्तर दिसतं. दान घेणारा मिंधा होतो. ज्यानं स्वतःच्या घामानं चर खणला, तो कुणाचा मिंधा?

सगळं गोड मात्र नव्हतं. चराईबंदीचा मार मेंढपाळांना बसला. ज्यांच्या शेतात विहीर, त्यांना पाणी मिळणार. ज्यांच्याकडे फक्त जनावरं, त्यांनी आधी कुरण गमवायचं. त्यांनी विरोध केला. मग बंदी एकदम न लादता टप्प्याटप्प्यानं, डोंगराचा एकेक भाग बंद करत आणायची तडजोड झाली. बंधाऱ्याचे फोटो टाकताना ही बाजू आपण गाळतो.

काम 2001च्या सुमाराला झालं. टँकरची गरज संपली, शेतातलं काम नऊ-दहा महिन्यांवर गेलं.

आणि ख्रिस्त? तो कुठल्या बांधावर कोरला नाही. कडक स्वभावाचा ख्रिस्ती म्हणेल, मग हे समाजकार्यच झालं, धर्मगुरू कशाला हवा होता? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. नाव न घेता केलेली साक्ष ही साक्ष असते का, यावर आमच्या घरातसुद्धा एकमत नाही. आईचं म्हणणं, तोंडानं सांगितल्याशिवाय कुणाला कळणार? मी तिला सावता माळ्याची आठवण दिली. मळा सोडून तो पंढरीला गेला नाही. ती म्हणाली, "पण त्यानं अभंग तरी केले ना!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाखर म्हातारपणी स्वित्झर्लंडला परतले आणि 2021 साली, नव्वदी कधीच ओलांडलेली असताना, वारले.

सोमवारी मी दुकानात गेलो. मागच्या महिन्यात एका शेतकऱ्याच्या बिलात ठिबकच्या नळीचे पैसे चुकून दोनदा लागले होते. त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मी मालकाला दाखवलं आणि त्याला फोन लावला. "कोण बोलतंय?" त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं. आमचं नाव ऐकलं की धर्म कळतो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बरं, येतो गुरुवारी बाजाराला आलो की."