वाचकसंपर्क, शैक्षणिक ग्रंथालयांचा

विद्यार्थी व अध्यापक यांच्या आगमनाची प्रतीक्षा न करता, नव्या ग्रंथांच्या सूची, टिपणे व निवेदने यांच्या द्वारा ग्रंथालयानेच त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची पद्धती. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ या तिसऱ्या सूत्रात तिचे तात्त्विक अधिष्ठान सापडते. तत्पूर्वी हे कार्य बहुधा संग्रहाच्या कीर्तीवरच सोपविलेले असे. झाशीच्या मराठी दरबारातील ग्रंथसंग्रहाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या, चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’ या हकीकतीवरून, तेथे वेदादी शास्त्रांचे दुर्मीळ ग्रंथ होते आणि काशीकर पंडितही नकला करून घेण्यासाठी तेथवर येत, असे दिसते; म्हणजे इश्तेहार वा दवंडीवाचून, केवळ विद्वानांच्या तोंडी फिरणाऱ्या वार्तेने ग्रंथ व वाचक यांची गाठ पडे. अर्थात ही वार्ता शास्त्रीमंडळींच्या वर्तुळापलीकडे क्वचितच जात असावी. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौजेने शहर घेतले, तेव्हा या संग्रहाचा विध्वंस झाला.