पोटगी थकवून नवरा दुसऱ्या राज्यात गेला, तर काय करता येतं?

समजा, पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नी आणि मुलांसाठी दरमहा पोटगी ठरवली. चार महिने पैसे आले, मग बंद झाले. नवरा आता हैदराबादला नोकरी करतोय. आता काहीच होणार नाही, असं अशा वेळी अनेकींना वाटतं. प्रत्यक्षात कोर्टाचा आदेश त्याच्या मागे हैदराबादपर्यंत जातो.

दुसऱ्या राज्यातून आणण्यासाठी प्रत्यर्पण लागतं का?

नाही. अमेरिकेत दुसऱ्या राज्यात गेलेल्या आरोपीची मागणी गव्हर्नरांमार्फत करावी लागते. भारतात फौजदारी कोर्टाचं अटक वॉरंट देशभर चालतं. अटक जिल्ह्याबाहेर झाली आणि वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर साधारणपणे आधी तिथल्या दंडाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांसमोर हजर करतात. मग जामीन मिळतो किंवा मूळ कोर्टात नेलं जातं.

पोटगी थकवली तर काय होतं?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (आधीचं सीआरपीसी कलम १२५):

- सबळ कारण नसताना पैसे थकवले, तर कोर्ट वॉरंट काढून दंडासारखी वसुली करू शकतं.
- तरीही रक्कम उरली तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आधी पैसे भरले की सुटका.
- कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८८ मध्येच स्पष्ट केलंय.
- २०२० च्या निकालानुसार हा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखाही राबवता येतो. म्हणजे पगारावर जप्ती येऊ शकते.

दुसऱ्या राज्यातल्या कोर्टात जाता येतं का?

हो. कलम १४७ नुसार नवरा जिथे असेल, तिथला दंडाधिकारीही आदेश राबवू शकतो. त्याला दोघांची ओळख आणि थकबाकीची खात्री पटावी लागते. आदेशाची प्रत मोफत मिळते.

एक वर्षाची मुदत विसरू नका

रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज केला नाही, तर कलम १४४ खाली तिच्या वसुलीचं वॉरंट निघत नाही. त्यामुळे थकबाकी साचू देऊ नका.

नवऱ्याची नोकरीच गेली असेल तर?

त्याने कलम १४६ खाली रक्कम बदलण्याचा अर्ज करावा. कोर्टाने बदल करेपर्यंत जुनाच आदेश लागू राहतो.

वकील परवडत नसेल, तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.