गोंदलेला हात आणि नोकरीचा अर्ज

मंडळी, भरतीची जाहिरात निघाली की आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, हातावर आईचं नाव गोंदलंय, चालंल का?" दरवेळी एकेकाला सांगत बसतो, यंदा सगळं एकदाच लिहून टाकतोय. पोस्ट लांब झालीय. पण घरात कुणी भरतीची तयारी करत असेल, किंवा तुम्ही स्वतः कुणाच्या मुलाखती घेत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

आधी नियम. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ या केंद्रीय दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव गोंदलेलं चालतं. पण ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट एवढ्या भागात पाहिजे, नाहीतर पंजाच्या मागच्या बाजूला. आकारही हाताच्या त्या भागाच्या पावपटीपेक्षा कमी हवा. उजवा हात का नाही? तर उजव्या हातानं सॅल्यूट मारतात म्हणून. आता सैन्याचं बघा. तिथंही आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढंच चालतं, पण डावं-उजवं असा भेद नाही. शिवाय ज्या आदिवासी समाजांत चेहऱ्यावर, अंगावर गोंदायची रीत आहे, त्यांना सूट आहे. म्हणजे एकाच पोराचा एकच उजवा हात सैन्याला चालतो आणि सीआयएसएफला चालत नाही. हात तोच, देशही तोच!

हे नुसतं कागदावरचं नाही. आपल्या सोलापूरच्याच एका तरुणाला उजव्या हातावरच्या धार्मिक गोंदणामुळं सीआयएसएफच्या वैद्यकीय तपासणीत बाद ठरवलं होतं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१७ साली निकाल त्याच्या बाजूनं लागला. सैन्याला चालतं ते इथं का चालत नाही, हा त्याचा साधा सवाल होता. पण कोर्टात जायची ऐपत आणि चिकाटी किती पोरांकडं असते? बाकीचे गुपचूप घरी येतात, नाहीतर कर्ज काढून लेझरनं हात भाजून घेतात.

मला मग प्रश्न पडतो, अंगावरची खूण बघून माणसाची नोकरी ठरवायची ही पद्धत आली कुठून? कारण आपल्याकडं गोंदण ही काही लाजेची गोष्ट नव्हती.

माझ्या आजीच्या कपाळावर ठिपका होता, हनुवटीवर तीन ठिपके आणि हातावर तुळस. गोंदणारीण दारात आली की सुया बांधून, काजळ लावून गोंदायची आणि मोबदल्यात पसाभर ज्वारी घेऊन जायची. "मेल्यावर सोनं-नाणं इथंच राहतंय, गोंदण तेवढं संगं येतंय," असं आजी सांगायची. तुमच्याही आजीनं सांगितलं असेल. आजी सोलापुरातल्या मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होती. तिथल्या निम्म्या बायकांचे हात असेच हिरवे. धागा तुटला तर मुकादम ओरडायचा, हातावरच्या तुळशीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अर्जात 'ओळखीची खूण' असा रकाना आला की गोंदणच लिहायचे. तेव्हा ते कागदोपत्री कामाला येत होतं.

मग गोंदण आणि गुन्हेगार यांची गाठ कुणी घातली? याचं उत्तर बऱ्याच अंशी इंग्रजी राजवटीत सापडतं. बंगालमध्ये १७९७ साली कंपनी सरकारनं असा कायदा केला की जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदून टाकायचा. या शिक्षेचं नावच 'गोदना'. म्हणजे शब्द आपला, रीत आपली, आणि तिची शिक्षा केली साहेबानं. ठगांच्या कपाळावर तर 'ठग' असंच गोंदत. माणूस पळाला तरी कपाळ घेऊनच पळणार, हा त्यामागचा हिशेब. १८४९ साली ही पद्धत बंद झाली. पण अंगावरच्या खुणेवरून माणूस ओळखायचा आणि त्याच्यावर डोळा ठेवायचा, ही सवय सरकारला लागली ती लागलीच.

पुढं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. नोंदवह्या आल्या, हजेऱ्या आल्या. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, आपल्या शहरातली 'सेटलमेंट' त्याच कायद्यातून उभी राहिली. तारेच्या कुंपणात माणसं ठेवली आणि कामाला मिलमध्ये पाठवली. मिलच्या भोंग्याला जायचं आणि कुंपणात परत येऊन हजेरी द्यायची. भटक्या जमातींच्या अंगावर गोंदण असायचंच, आणि दारोदार गोंदत फिरणाऱ्याही बहुतेक भटक्याच समाजातल्या बाया. म्हणजे ज्या हातांनी आमच्या आज्यांच्या हातावर तुळस काढली, त्याच हातांकडं पोलीस संशयानं बघायचे. हा कायदा जाऊन ती माणसं मोकळी झाली १९५२ साली, देश स्वतंत्र झाल्यावर तब्बल पाच वर्षांनी.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू ऐका. मुंबईत गेट वे ऑफ इंडियासमोर सगळ्यांनीच फोटो काढलाय. तो कुणाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलाय? पंचम जॉर्ज बादशहाच्या. डिसेंबर १९११ मध्ये तो मुंबईत उतरला आणि पुढं दिल्ली दरबाराला गेला. या बादशहाच्या हातावर ड्रॅगन गोंदलेला होता! तरुणपणी, १८८१ साली, नौदलाच्या जहाजावरून जपानला गेला असताना त्यानं हौसेनं गोंदवून घेतला होता. त्याचा बाप, सातवा एडवर्ड, त्यानंही १८६२ साली जेरुसलेमला गेल्यावर हातावर क्रूस गोंदवला होता. राजघराण्यानं केल्यावर मग विलायतेतल्या बड्या लोकांतही त्याची फॅशन आली.

आणि योगायोग बघा. ज्या १९११ साली हा गोंदलेल्या हाताचा बादशहा आपल्याकडं मुजरे घेत होता, त्याच साली गुन्हेगार जमाती कायदा नव्यानं करून मुंबई इलाख्यालाही लागू केला. बादशहाचं गोंदण म्हणजे हौस, आणि फासेपारध्याचं गोंदण म्हणजे पोलिसाच्या वहीतली खूण. शाई दोघांच्याही कातडीखालचीच. फरक फक्त खुर्चीवर कोण बसलंय आणि हजेरीला कोण उभं आहे, एवढाच होता.

साहेब गेला, पण त्याची नजर आपल्या शिकलेल्या लोकांनी जपून ठेवली. माझी आत्या आमच्या घरातली पहिली मॅट्रिक. पुढं तिला मुंबईत एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. लहानपणी आजीनं हौसेनं तिच्या हातावर गोंदवलं होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वरच्या बाईंनी तिला सांगितलं, "हे जरा झाकून येत जा, लोक येतात इथं." त्यानंतर रिटायर होईपर्यंत आत्यानं लांब बाह्यांचाच ब्लाउज घातला. मुंबईच्या उकाड्यात, लोकलच्या गर्दीत, जवळजवळ तीस वर्षं! टायपिंगची एक चूक कधी कुणी काढली नाही, पण हात झाकलेला आहे ना हे मात्र बघितलं. तिची सून आता पुण्यात एका कंपनीत आहे. मनगटावर पिसाचा टॅटू आहे, चार हजार रुपये मोजलेत. आत्या तिला हसून म्हणते, "तुझं चार हजाराचं दिसलं तर फॅशन, माझं पसाभर ज्वारीचं दिसलं तर गावंढळ."

आत्या हसत म्हणते खरी, पण गंमत म्हणून सोडून द्यावं असं ते वाक्य नाही.

कान-नाक टोचण्याचंही तेच. एखाद्या पोरानं कानात बाळी घातली की मुलाखतीला बसलेले काका म्हणतात, "आपल्या संस्कृतीत पुरुष असलं घालतात का?" काका, शाळेच्या पुस्तकातलं नाना फडणवीसांचं चित्र आठवा. कानात मोती दिसतील. पेशवाईचा कारभार हाकणारा माणूस, कानात मोती घालून हाकत होता. कर्णवेध हा सोळा संस्कारांतला एक, आणि तो मुलांचाही करतात. भिकबाळी तर खास मराठी पुरुषाचा दागिना. आता ढोलताशा पथकांत आणि लग्नांत ती पुन्हा दिसायला लागलीय. शनिवारी पथकात भिकबाळी घातलेल्या पोराचं कौतुक करणारे लोक सोमवारी ऑफिसात त्यालाच "ते काढून ये" म्हणतात, हे मी स्वतः ऐकलंय.

उलट नथीची गोष्ट घ्या. नथ म्हणजे मराठीपणाची खूण, यावर कुणाचं दुमत नसतं. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी १९३८ च्या सुमारास नथीचा इतिहास धुंडाळला. त्यांचा निष्कर्ष असा की जुन्या संस्कृत ग्रंथांत आणि प्राचीन शिल्पांत नाकातला दागिना सापडत नाही, तो आपल्याकडं साधारण हजारेक वर्षांपूर्वी बाहेरून आला असावा. अजिंठ्याला गेलात तर चित्रांतल्या बायकांची नाकं नीट बघा. गळ्यात, कानात, दंडात, केसात दागिनेच दागिने, नाक मात्र मोकळं. म्हणजे पुरुषाच्या कानातलं जुनं असून आज परकं वाटतं, आणि बाईच्या नाकातलं त्या मानानं नवं असून अस्सल वाटतं. म्हणून 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' हे कारण देऊन कुणाला नोकरी नाकारत असाल, तर आधी संस्कृतीचं वय विचारून घ्या.

हाच न्याय परदेशात आपल्या लोकांना लागला तेव्हा आपल्याला किती झोंबलं होतं! २००७ साली लंडनच्या हिथ्रो विमानतळावर खानपान सेवेत काम करणाऱ्या एका हिंदू बाईला नाकातल्या चमकीपायी कामावरून काढलं. फार बोभाटा झाला आणि तिला परत घ्यावं लागलं. त्याच साली दक्षिण आफ्रिकेच्या घटनापीठापुढं दरबानमधल्या एका शाळकरी मुलीचा खटला आला. मुलगी तमिळ हिंदू घरातली, शाळेनं चमकी काढायला सांगितलेली. शाळेचा एक मुद्दा असा होता की धर्मात चमकीची सक्ती नाही, मग काढायला काय हरकत? न्यायालयानं तो मानला नाही. एखादी रीत सक्तीची नसली, माणसानं आपल्या मनानं जपलेली असली, तरी तिला संरक्षण आहे, आणि शाळेनं थोडी जागा करून द्यायला पाहिजे, असा निकाल दिला. खटला शाळेचा होता, पण ऑफिसालाही तो विचार लागू पडतो. तेव्हा आपण सगळे त्या पोरीच्या बाजूचे होतो. आपल्या गावातल्या बँकेत, दवाखान्यात, शोरूममध्ये हनुवटीवर गोंदलेली पारध्याची, गोंडाची किंवा कैकाड्याची पोरगी मुलाखतीला आली की मात्र आपण म्हणतो, "काउंटरवर बरं दिसत नाही."

आता दुसऱ्या बाजूनंही बोलतो, कारण सगळेच नियम मूर्खपणाचे नसतात. फिरत्या यंत्राजवळ लोंबतं काही नको, हे १९४८ सालच्या कारखाना कायद्यानं सांगितलं होतं, आणि बरोबर सांगितलं होतं. साच्यात पदर अडकून काय होतं ते मिलच्या माणसाला विचारा. ऑपरेशन थिएटरमध्ये अंगठी-बांगडी नको. फरसाणच्या कढईवर नाकातली चमकी सैल नको, ती पडली तर गिऱ्हाइकाच्या दाताखाली येणार. एकाच सुईनं दहा जणांना गोंदणाऱ्या जत्रेतल्या माणसापासून तर लांबच राहा, त्यातून रक्ताचे आजार पसरतात. ही सगळी कामाची कारणं आहेत. ती सांगता येतात, तपासता येतात आणि सगळ्यांना सारखी लागू होतात. मालकाच्या पोराची अंगठीही काढावी लागते.

'बरं दिसत नाही' हे मात्र कारण नाही, ती सवय आहे. आणि या सवयीचा फटका बसतो तो हटकून गरिबाला. चार हजारांचा टॅटू पाठीवर, खांद्यावर, झाकता येईल अशा जागी निघतो. पसाभर ज्वारीचं गोंदण आईनं पाचव्या वर्षी कपाळावर, हनुवटीवर काढून घेतलेलं असतं. त्या पोरीला कुणी विचारलेलंही नसतं. खासगी नोकरीत असं नाकारलं तर दाद मागायला आपल्याकडं वेगळा कायदा नाही. तिला कारणही सांगत नाहीत. "कळवतो" म्हणतात, आणि कळवत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आस्थापना चालवणाऱ्यांनो, अंगावरच्या खुणांबद्दल नियम करायचाच असेल तर तो लिहून करा, जाहिरातीतच छापा, आणि त्यामागचं कामाचं कारण एका ओळीत द्या. कारण लिहिता येत नसेल तर तो नियम नाही, तुमची नावड आहे. लोकप्रतिनिधींनो, केंद्रीय दलांना आणि सैन्याला गोंदणाचा एकच नियम लावून घ्या. सोलापूरच्या त्या पोराला जे कोर्टात जाऊन मिळवावं लागलं, ते पुढच्याला जाहिरातीतच कळू द्या.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. नियम बदलायचा तेव्हा बदलेल, तोवर आहे त्यातूनच जायचंय. जत्रेत हात पुढं करण्याआधी भरतीची जाहिरात वाचा. आईचं नाव गोंदायचंच असेल तर डाव्या हातावर, आतल्या बाजूला, लहान, आणि नवी सुई डोळ्यासमोर फोडायला लावून. आधीच उजव्या हातावर असेल तर घाबरून कुठल्याही दुकानात लेझर मारून घेऊ नका, जाहिरात घेऊन अभ्यासिकेत या, बसून बघू.

तुमच्या घरात, ऑफिसात असं कुणाचं झालं असेल तर खाली लिहा. कंपनीचं नाव नको, काय कारण सांगितलं तेवढं लिहा. बघू तरी, कामाचं कारण किती जणांना मिळालं आणि 'बरं दिसत नाही' किती जणांना.