मिनिस्कर्टचा उदय

स्त्रियांच्या पोशाखाचा इतिहास लिहिणारे बहुधा राजवाड्यापासून आरंभ करतात. युरोपापुरतें तें योग्यही आहे. कारण तेथें शतकानुशतकें फॅशन वरून खालीं उतरत आली. राणीनें घातलें तें सरदारांच्या स्त्रिया उचलीत, त्यांचें पाहून व्यापाऱ्यांच्या. आणि मुलगी मोठी झाली म्हणजे आईसारखा पोशाख करी. मिनिस्कर्टच्या बाबतींत हा ओघ उलटला, म्हणूनच या हातभर कापडाची हकीकत सांगण्यासारखी आहे.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२६-२७ च्या सुमारास, स्त्रियांचे झगे गुडघ्यापर्यंत चढले व पुढील दशकांत पुन्हां खालीं आले. दुसऱ्या महायुद्धापायीं इंग्लंडांत १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर नियंत्रण होतें. त्याच काळांत, १९४७ च्या फेब्रुवारींत, पॅरिसच्या ख्रिश्चन दिऑर यानें घोळदार, लांब झगा पुढें आणला. टंचाईला कंटाळलेल्या स्त्रियांना तो आवडला खरा, पण तरुण मुलीला स्वतःचा असा वेष राहिला नाहीं. सतरा वर्षांची मुलगी चाळिशीच्या आईसारखी दिसूं लागली.

१९५५ सालीं लंडनच्या चेल्सी भागांत, किंग्ज रोडवर, मेरी क्वांट या पंचवीस वर्षांच्या तरुणीनें दोघां भागीदारांसह ‘बझार’ नांवाचें दुकान काढलें. मनाजोगा माल मिळेना म्हणून ती स्वतःच कपडे बेतूं लागली. दिवसाच्या विक्रीच्या पैशांतून कापड आणावें, रात्रीं तें शिवावें व दुसऱ्या दिवशीं दुकानांत टांगावें, असा क्रम होता. भांडवल तुटपुंजें खरें. पण त्यामुळेंच गिऱ्हाइकाची आवड तिला लगोलग कळे. स्वतः कमावणाऱ्या, नाचण्याची व बसमागें धांवण्याची हौस असणाऱ्या मुली येत आणि झगा आणखी आंखूड करा म्हणत. १९५९ सालीं निघालेल्या ‘मिनि’ या चिमुकल्या मोटारीचें नांव पुढें त्याला मिळालें.

पॅरिसमध्यें आंद्रे कूरेज यानेंही १९६४-६५ च्या सुमारास असेच आंखूड झगे काढले व शोधाचा मान आपला म्हणून सांगितलें. क्वांटबाईंनीं तो मान दोघांनाही न देतां रस्त्यांवरील मुलींना दिला. स्वतःचा हक्क सोडणाऱ्या साक्षीदारावर अधिक विश्वास ठेवावा, हें बरें.

मुलींच्या इच्छेला इतर गोष्टींचेंही साह्य झालें. कंबरेपर्यंतचे सलग पायमोजे बाजारांत आले, तेव्हांच हा वेष रोज वापरण्याजोगा झाला. शिवाय इंग्लंडांत लहान मुलांच्या कपड्यांना खरेदीकर माफ असे, व कपडा लहान मुलीचा कीं बाईचा हें लांबीवरून ठरे. तेव्हां फार आंखूड झगा कांहीं काळ बालवस्त्र म्हणून करांतून निसटला!

३० ऑक्टोबर १९६५ रोजीं मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतींना जीन श्रिम्प्टन ही प्रसिद्ध इंग्रज मॉडेल आली. कापड अपुरें पडल्यामुळें तिचा पांढरा झगा गुडघ्याच्या वर चार इंच राहिला होता. गंमत अशी कीं, प्रतिष्ठित मंडळींना गुडघ्यांइतकेंच टोपी, हातमोजे व पायमोजे नसणें खटकलें. कांहीं दिवसांनीं पुढील शर्यतीला ती तिन्ही घालून आली. परंतु पहिलें छायाचित्र तोंपर्यंत दूरवर पोंचलें होतें.

१९६६ सालीं क्वांटबाई राजवाड्यांत सन्मानचिन्ह स्वीकारावयास गेल्या, त्या मिनिस्कर्टमध्येंच. त्याच वर्षीं लंडनमध्यें दिऑरच्या दुकानापुढें मुलींनीं फलक घेऊन निदर्शनें केलीं. त्यांना लांब झगे नको होते. १९७० च्या सुमारास व्यापाऱ्यांनीं पोटऱ्या झांकणारा ‘मिडी’ बाजारांत लोटला. अमेरिकेंत तो दुकानांतून पडून राहिला. कित्येक स्त्रियांनीं त्याऐवजीं सरळ विजार विकत घेतली.