शवासन आणि रक्तदाबमापक : लोणावळ्यातील एका प्रयोगशाळेची कथा

लोणावळ्याची ओळख मुंबईकरांनी विश्रांतीचे गाव म्हणूनच ठेवली आहे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला आणि घाटमाथ्यावरचे हे मावळातले गाव मुंबईच्या आवाक्यात आले. दमलेल्या, आजारातून उठलेल्या माणसाला 'हवापालट' करण्यासाठी वर पाठवायचे, अशी रीतच पडली. वरची हवा शुद्ध, तिथे प्राणवायू भरपूर, असे आजही सांगितले जाते. हवा तुलनेने स्वच्छ आहे हे खरे. पण लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचावर आहे आणि तिथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू वाढण्याऐवजी थोडा घटतोच! तरीही माणसाला तिथे बरे वाटते. बरे वाटणे आणि ते का वाटते याचे कारण, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. प्राणवायूचा हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

याच गावात १९२४ च्या विजयादशमीला कैवल्यधाम या संस्थेची स्थापना झाली. संस्थापक स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म १८८३ साली डभोईचा. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली ते तयार झाले. पुढे अमळनेरला शिक्षक आणि मग प्राचार्य झाले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी हे त्यांचे योगातील गुरू. संस्कृतचा हा विद्यार्थी काही शरीरशास्त्रज्ञ नव्हता. पण आसन करताना शरीराच्या आत नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. 'ग्रंथात लिहिले आहे' किंवा 'गुरूंनी सांगितले आहे' एवढ्यावर त्यांचे समाधान होत नव्हते. लोणावळ्याला येण्याच्या आधीच त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान व नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासून पाहिल्या होत्या. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे पाऱ्याच्या दाबमापकाने दिसले. बस्तीच्या क्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यामुळे झाला. या निर्वाताला त्यांनी गुरूंचे नाव दिले.

संस्थेबरोबरच 'योगमीमांसा' हे नियतकालिकही १९२४ मध्येच सुरू झाले. त्यात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकांसाठी सोपा असे वेगवेगळे विभाग असत. विज्ञान लोकांपर्यंत नेऊ पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रयोगाची माहिती आणि सर्वसामान्यांना करायचा उपदेश यांची तिथे सरमिसळ होऊ दिलेली नाही. सर्वांगासनात व मत्स्यासनात रक्तदाब किती बदलतो, याची मोजमापे योगमीमांसेच्या पहिल्या काही वर्षांतच छापली गेली.

त्या काळी जगात इतरत्र या विषयाची स्थिती काय होती? अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली एक पुस्तक लिहून भीती व राग यांच्या वेळी शरीरात होणारे बदल मांडले होते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे वळते, पचन मंदावते, यकृतातून साखर रक्तात येते. लढायला किंवा पळायला शरीर सज्ज होते. हे काम अनुकंपी मज्जासंस्था आणि अधिवृक्क ग्रंथी करतात. वाघ समोर आला असता ही सज्जता उपयोगी. मात्र तपासणीला शिक्षणाधिकारी आले, दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे साचले, तरी शरीर तीच तयारी करते. आणि खुर्चीवर बसून ना लढता येते ना पळता येते. शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. हान्स सेल्ये यांचा प्रसिद्ध टिपण १९३६ सालचे. 'स्ट्रेस' हा यंत्रशास्त्रातला शब्द शरीराला लागू झाला तो त्यांच्यामुळे. मराठीला तो उसना घ्यावा लागला नाही. ताणलेली दोरी आणि ताणलेले मन यांसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे.

म्हणजे लोणावळ्याचे काम जगाच्या मागून चालले होते असे नाही. आणि शिथिल होण्याची एक नेमकी कृती तर आपल्याकडे शतकानुशतके लिहून ठेवलेली होती. प्रेताप्रमाणे जमिनीवर उताणे पडून राहणे म्हणजे शवासन. ते थकवा घालवते आणि चित्ताला विश्रांती देते, असे हठयोगप्रदीपिकेत सांगितले आहे. विधान छोटे आहे, आणि मुख्य म्हणजे तपासता येण्यासारखे आहे.

या कामाकडे लक्ष वेधले गेलेली सर्वांत मोठी व्यक्ती म्हणजे महात्मा गांधी. मार्च १९२७ मध्ये कोल्हापूर-निपाणीकडच्या दौऱ्यात त्यांची प्रकृती ढासळली. रक्तदाब वाढला होता. विश्रांतीसाठी ते आधी आंबोलीला व मग म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर राहिले. या काळात त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालू होता. कोणती आसने करावीत, त्यांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, ही चर्चा त्या पत्रांतून चालली. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणारे दोन गृहस्थ, एक लोणावळ्यात व दुसरा नंदीवर, रक्तदाबाबद्दल एकमेकांना लिहीत आहेत, हे दृश्य आमच्या मते भारतीय विज्ञानाच्या इतिहासात नोंदवण्याजोगे आहे.

त्याहून बोधप्रद कथा मात्र के. टी. बेहानन यांची आहे. मूळचे केरळचे हे तरुण मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत येल विद्यापीठात संशोधन करीत होते. योगाचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत ते लोणावळ्याला आले, कुवलयानंदांपाशी राहून आसने व प्राणायाम शिकले, आणि परत गेल्यावर त्यांनी स्वतःलाच प्रयोगाचा विषय केले. त्यांचे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या दोन निष्कर्षांपाशी आपण थोडे थांबू.

पहिला प्राणवायूचा. उज्जायी करताना शरीराचा प्राणवायूचा वापर सुमारे चोवीस-पंचवीस टक्क्यांनी वाढला. भस्त्रिका व कपालभाती यांतही वाढला, पण कमी. घाईने वाचणारा यावरून म्हणेल, 'बघा, प्राणायामाने प्राणवायू जास्त मिळतो!' पण वापर वाढला याचा अर्थ काय? छातीचे, पोटाचे स्नायू नेहमीपेक्षा जास्त काम करीत होते, त्यांनी जास्त प्राणवायू खर्च केला. निरोगी माणसाच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन साध्या श्वसनातही ९५ टक्क्यांहून अधिक संपृक्त असते. भरलेल्या घागरीवर आणखी पाणी ओतण्याजोगे ते आहे. जोरजोरात श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि डोके हलके वाटते. त्यालाच पुष्कळदा 'प्राणवायू मेंदूत गेला' असे समजले जाते. स्वतः कुवलयानंदांनीही प्राणायाम हा अधिक प्राणवायू मिळविण्याचा उपाय आहे ही समजूत खोडून काढली होती. त्यांच्या मते त्याचे महत्त्व मज्जासंस्थेच्या दृष्टीने होते. योगाच्या आश्रमात बसून, योगाच्या बाजूने सांगितले जाणारे लोकप्रिय कारण नाकारायला धैर्य लागते. शाळेच्या प्रार्थनेनंतर 'दीर्घ श्वास घ्या म्हणजे प्राणवायू जास्त मिळेल' असे सांगण्याची सवय आपल्या शिक्षकांना अजून आहे. श्वास जरूर घ्यायला लावावा, पण कारण खरे सांगावे.

बेहानन यांचा दुसरा निष्कर्ष अधिक अडचणीचा होता. प्राणायामानंतर लगेच त्यांनी बेरजा करणे, सांकेतिक खुणा बदलणे, रंगांची नावे सांगणे अशा चाचण्या स्वतः दिल्या. त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. योगाने बुद्धी तल्लख होते असे मानणाऱ्यांना हे कसे रुचावे? बेहानन यांनी हा आकडा लपवला नाही. शरीरमन शिथिल झाल्यामुळे ही मंदगती आली, असा अर्थ त्यांनी लावला. तो आम्हाला पटतो. अनुकंपी मज्जासंस्थेचा चाबूक थोडा खाली ठेवला की बेरजेचा वेगही उतरणारच. अर्थात हा एकाच माणसावरचा प्रयोग, आणि प्रयोग करणाराही तोच. त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारता येत नाही. गणिताच्या परीक्षेच्या दारात मुलांना प्राणायाम करायला लावावा की नाही, हा प्रश्न मात्र एखाद्या उत्साही शिक्षकाने वर्गात तपासून पाहावा असा आहे.

पुढे १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेतून उपकरणे घेऊन आले. भारतात ठिकठिकाणी योगाभ्यासकांची त्यांनी तपासणी केली, त्यात लोणावळाही होते. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्यांचा विद्युत्‌आलेख काढल्यावर दिसले की नाडी हाताला लागेनाशी होते, पण हृदय चालूच असते. छातीतील दाब वाढवून हृदयाकडे परतणारे रक्त अडवले की असे होते. अचाट चमत्काराचा दावा गेला. जे उरले ते रोजच्या उपयोगाचे होते.

ते उपयोगाचे काय, हे मुंबईतील डॉ. के. के. दाते यांच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दिसते. हृदयरोगतज्ज्ञ दाते यांच्याबरोबरच्या लेखकांत कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. (कुवलयानंद व विनेकर यांचे योगोपचारावरील पुस्तक त्याआधी १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यामार्फत निघाले होते, १९६६ मध्ये कुवलयानंदांचे निधन झाले.) उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले गेले. नुसते पडून राहणे एवढेच त्यात नव्हते. उताणे पडून, हातपाय किंचित फाकवून, पापण्या मिटून, श्वासपटलाने सावकाश श्वास घ्यायचा. श्वास घेतल्यावर थोडा विराम, सोडल्यावर अधिक लांब विराम. नाकपुडीशी आत येणारी हवा गार लागते व बाहेर जाणारी ऊन, तिकडे लक्ष ठेवायचे. रोज अर्धा तास. हे नीट जमायला सुमारे तीन आठवडे लागत. हा आकडा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. शिथिल होणे हे कौशल्य आहे, पोहण्यासारखे शिकावे लागते. 'जरा शांत हो' असे सांगितल्याने कोणी शांत झाल्याचे आजवर पाहण्यात नाही.

औषध न घेणारे दहा रुग्ण होते. त्यांचा सरासरी मध्य रक्तदाब १३४ वरून १०७ मिलिमीटरपर्यंत उतरला. औषधांनी रक्तदाब ताब्यात असलेल्या २२ जणांपैकी १३ जणांचे औषध सुमारे एक तृतीयांशावर आणता आले. ज्यांचा रक्तदाब औषधांनीही आटोक्यात येत नव्हता, त्यांच्यात फायदा कमी झाला. (औषध डॉक्टरांनी तपासून कमी केले होते. वाचकांनी हा लेख वाचून स्वतःची गोळी बंद करू नये.)

या प्रयोगात एक उणीव आहे, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ती स्वतः शोधावी अशी आहे. तुलनेसाठी शवासन न करणारा गट कुठे आहे? दवाखान्यात वरचेवर यावे, आपुलकीने विचारपूस व्हावी, रक्तदाब मोजण्याची सवय व्हावी, एवढ्यानेही आकडा उतरतो. ही उणीव लंडनजवळ दवाखाना चालवणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी भरून काढली. त्यांनी व नॉर्थ यांनी १९७५ साली ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छया दोन गट केले. एका गटाला योगातील शिथिलीकरण शिकवून, त्वचेचा विद्युत्‌रोध ऐकवणाऱ्या यंत्राची जोड दिली; दुसऱ्या गटाला तितकाच वेळ कोचावर नुसते आराम करायला सांगितले. पहिल्या गटाचा रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ झाला. दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६. दुसऱ्या गटाकडे नीट पाहावे. काही न शिकता, नुसते येऊन पडून राहण्याने नऊ मिलिमीटर उतरले! तेवढे वजा करून जे उरते, ते शिकलेल्या विद्येचे श्रेय.

हे कसे घडते, याचा एक धागा श्वासात सापडतो. आपली नाडी श्वास घेताना किंचित जलद व सोडताना किंचित मंद होते; उच्छ्वासाच्या वेळी परानुकंपी मज्जासंस्थेची प्राणेशा नस हृदयाला आवर घालते. उच्छ्वास लांबवला की हा आवर जास्त वेळ टिकतो. दाते यांच्या कृतीतील श्वास सोडल्यावरचा लांब विराम इथे आठवावा. इटलीतील बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना व एक बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि रक्तदाबाच्या नैसर्गिक लयीशी जुळते. आपल्याकडचे हरिपाठ, रामरक्षा, जात्यावरच्या ओव्या म्हणताना ही गती किती पडते, हे आठवीतला विद्यार्थीही घड्याळ घेऊन मोजू शकेल.

वर्गात करायचा असेल तर प्रयोग असा करता येईल. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग करावेत. सर्वांनी मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून लिहून ठेवावी. मग एका गटाने सतरंजीवर पडून दहा मिनिटे वरील पद्धतीने श्वास घ्यावा, दुसऱ्याने शेजारीच पडून गोष्टीचे पुस्तक मनात वाचावे. नंतर दोघांनीही पुन्हा मोजावे. तीन आठवडे, रोज, त्याच वेळेला. दुसऱ्या गटाचीही नाडी उतरेल. फरक किती उरतो तो फळ्यावर लिहावा, आणि काहीच उरला नाही तर तेही लिहावे.