रिमिक्सचे काम घ्या, पण नाव आणि बिदागी सोडू नका

रिमिक्स म्हणजे उष्टे संगीत आणि रिमिक्स करणारा म्हणजे नुसती बटणे दाबणारा, असा समज प्रस्थापित संगीतवर्तुळाने पसरवून ठेवला आहे. हा समज कोणाच्या सोयीचा आहे? ज्याला कलावंत मानायचेच नाही, त्याचे नाव छापावे लागत नाही आणि त्याला नीट पैसेही द्यावे लागत नाहीत. आज घरच्या लॅपटॉपवर संगीत बनवणारी अनेक पोरे पहिले काम म्हणून रिमिक्सच घेतात. "आधी नाव तर होऊ दे, पैशांचे नंतर बघू," हे त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवले जाते. म्हणून रिमिक्सचा इतिहास काय सांगतो, ते मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

हा इतिहास संगीत विद्यालयात घडलेला नाही. त्याचे एक मूळ जमैकातील किंगस्टन शहराच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत आहे. तिथे लग्नाच्या मांडवासारखे मोठमोठे स्पीकर रस्त्यावर लावून नाच होत. गायकाचा आवाज काढून नुसते वाद्यसंगीत वाजवले तर लोक अधिक रंगतात, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्पीकरवाल्यांच्या लक्षात आले. ऑस्बोर्न रडॉक ऊर्फ किंग टबी हा तिथला विजेची उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. बनी ली यांच्यासारखे निर्माते त्याच्याकडे तयार गाण्यांच्या फिती घेऊन येत. टबी त्यातला बास आणि ड्रम पुढे आणी, आवाज मध्येच तोडी, त्याचा प्रतिध्वनी लांबवी. एका गाण्यातून दुसरे गाणे उभे राही. यालाच 'डब' म्हणतात. दुसऱ्याचे गाणे घेऊन त्यावर काम करून देणारा टबी हा आजच्या रिमिक्सकारांचा पूर्वज. ऑगस्टस पाब्लोच्या १९७६ च्या गाजलेल्या अल्बमच्या शीर्षकातच टबीचे नाव आले. तो ना गायक होता ना वादक, तरीही त्याचे नाव तबकडीवर आले. हे नाव त्याच्या हातातल्या कसबाने मिळवले होते.

त्याच १९७६ साली न्यूयॉर्कच्या साल्सोल कंपनीने 'टेन पर्सेंट' हे गाणे १२ इंची तबकडीवर बाजारात आणले. सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळालेली ही पहिली १२ इंची सिंगल मानली जाते. सुमारे चार मिनिटांचे गाणे क्लबमधल्या वॉल्टर गिबन्स या डीजेने नऊ मिनिटांपर्यंत नेले होते. नाचणाऱ्यांना काय हवे हे कंपनीच्या कचेरीपेक्षा क्लबमधल्या माणसाला अधिक कळते, हे यातून सिद्ध झाले. १९७७ पासून शिकागोच्या वेअरहाउस क्लबमध्ये फ्रँकी नकल्स जुनी डिस्को गाणी टेपवर कापून, जोडून, लांबवून वाजवू लागला. तिथे येणारे बहुतेक तरुण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी होते. समाजाने दोनदा बाहेर काढलेली ही माणसे. १२ जुलै १९७९ रोजी त्याच शहरातल्या बेसबॉल मैदानावर हजारोंच्या गर्दीसमोर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. त्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्याही तबकड्या होत्या, असे तिथे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या तरुणाने पुढे सांगितले. या द्वेषाला उत्तर म्हणून त्या तरुणांनी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या ड्रम मशीनवर नवे संगीत घडवले. 'हाउस' हे त्याचे नाव वेअरहाउसवरूनच आले. आजचे क्लब संगीत त्याच पायावर उभे आहे.

पण निर्मिती झाली म्हणजे मोबदला मिळतोच असे नाही. १९६९ साली द विन्स्टन्स या बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा वाजवला. पुढे तोच तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकारच त्यावर वाढले. कोलमन मात्र २००६ साली बेघर अवस्थेत वारले. शिकागोच्या लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांना १९८० च्या दशकातल्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणांसाठी २०२० साली कंपनीवर दावा लावावा लागला. २०२२ साली ती त्यांना परत मिळाली.

जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. संगीत व्यवसायातही 'निर्माता' वर आणि 'मशीनवाला' खाली अशी उतरंड लावली जाते. ती मोडता येते, याचाही पुरावा आहे. नकल्स आणि डेव्हिड मोरालेस यांनी ज्युडी वाइनस्टीन यांच्यासोबत डेफ मिक्स ही स्वतःची संस्था चालवली. सुट्या माणसाला थोडक्यात गुंडाळता येते, संघटित माणसांना नाही. १९९८ साली ग्रॅमीने रिमिक्सकारासाठी पहिल्यांदा पुरस्कार दिला, तो नकल्सलाच.

म्हणून काम घेताना काही गोष्टी आधी ठरवा. आवाज, बास, ताल यांचे वेगवेगळे ट्रॅक हातात येण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ घ्या. बदल किती वेळा करून देणार, हे लिहून घ्या. रिमिक्ससाठी बहुधा एकदाच ठोक रक्कम मिळते, पुढच्या कमाईत वाटा नसतो. म्हणून ती रक्कम विचार करून सांगा. नाव कुठे आणि कसे येणार, हे करारात असू द्या. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क सोपवण्याचा करार लेखी लागतो. त्यात मुदत नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश नसेल तर तो भारतापुरता. "कायमचे, जगभर" असे छापलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी हे आठवा.

आणि जो न्याय आपण मागतो, तो आपल्याकडूनही द्यावा लागेल. भीमजयंतीला वाजणारी कितीतरी रिमिक्स आपल्याच वस्त्यांतल्या पोरांनी केलेली असतात. त्यांत मूळ कवीचे नाव किती वेळा असते? वामनदादा कर्डक २००४ साली गेले; म्हणजे कायद्याने त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांना तो सोपवला असेल त्यांचा आहे. शिवाय कलम ५७ प्रमाणे हक्क विकला तरी कवीचा नावाचा अधिकार संपत नाही. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचे तर त्याच्या मालकाचीही परवानगी लागते.

गावोगाव डफ घेऊन फिरलेल्या शाहिरांनी चळवळ लोकांच्या तोंडी बसवली. त्यांचे नाव पुसून केलेला बीट कितीही जोरात वाजला, तरी तो कोलमन यांच्यावर झालेल्या अन्यायाचीच पुनरावृत्ती करतो. तेव्हा रिमिक्स जरूर करा, बिदागी वाजवून घ्या, स्वतःचे नाव लिहा आणि त्याच्या वर शाहिराचे नाव लिहा.

जयभीम!