पाण्यापल्याडची लढाई

देऊळघाटच्या बाजूची जी माणसं आमच्या वडिलांच्या पिढीत फौजेत गेली, त्यांच्या गोष्टींत पाकिस्तान येतो, चीन येतो. श्रीलंका क्वचितच येते, आणि आली की सांगणारा आवाज खाली घेतो.

मी श्रीलंकेची गोष्ट ऐकली महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या एका आजोबांकडून. पैनगंगेच्या अंगाला त्यांचं वावर. धुऱ्यावरचं गवत विळ्यानं कापत ते बोलायचे, हात थांबायचा नाही. "आमी उतरलो तवा लोकायनं हार घातले. दोन-अडीच महिने नाई झाले, त्याच सडकेत सुरुंग. आमाले सांगतलं व्हतं, हत्यारं जमा करून घ्याची आन् घरी याचं."

सांगितलं होतं ते खरंच होतं. 29 जुलै 1987 ला पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि आपली शांतिसेना जाफन्यात उतरली. पण ज्यांची हत्यारं घ्यायची होती, त्या तमिळ वाघांना, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांना, आधी आपल्याच देशात प्रशिक्षण मिळालं होतं. ऑक्टोबरात युद्ध पेटलं. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं जवान उतरवले, तर वाघ दबा धरूनच बसलेले. त्यांनी आपलं वायरलेसवरचं बोलणं आधीच ऐकलं होतं. शीख लाइट इन्फंट्रीच्या तीसेक जवानांच्या तुकडीतला एकच जिवंत राहिला, तोही शत्रूच्या हाती. त्या पोरांच्या शौर्यात काय उणं होतं? उणं होतं ते वरच्यांच्या अंदाजात.

आजोबांच्या पलटणीतला एक जोडीदार घाटाखालचा. त्याचं शव गावी आलं नाही. तेव्हा तशी रीतच नव्हती; बहुतेकांना तिकडेच अग्नी दिला जाई. घरी आली ती काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात आधी नंबर, मग नाव. आत कपडे आणि सुतळीनं बांधलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या. विहिरीवर इंजिन बसवायचं म्हणून तो दर महिन्याला पैसे धाडायचा. आई निरक्षर. तिनं पोस्टमनला ओट्यावर बसवून एकेका पावतीची तारीख वाचून घेतली आणि शेवटची पुन्हा वाचायला लावली. आजोबा सुट्टीवर आले तेव्हा तिनं त्यांना विचारलं, "तिकडं आपलं काय व्हतं रे बाबू?" आजोबांना उत्तर देता आलं नाही.

पुलवामाच्या हल्ल्यानंतर, 2019 च्या फेब्रुवारीत, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मलकापूरला आणि चोरपांग्र्याला जवानांच्या शवपेट्या आल्या, तेव्हा अख्खा जिल्हा लोटला होता. त्या आईच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

श्रीलंकेच्या त्याच लढाईत 25 नोव्हेंबर 1987 ला 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले आणि गेले. मुंबईत जन्मलेला, शिकलेला हा अधिकारी. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पण शौर्याच्या पदकामागं योजनेची चूक लपवता येत नाही. 1989 मध्ये श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच आपल्या फौजेला निघून जायला सांगितलं. ज्यांच्या देशासाठी गेलो त्यांना आपण नकोसे, ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्या तमिळांतलेही अनेक आपल्यावर चिडलेले. मार्च 1990 मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रास बंदरात परतल्या, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. अकराशेहून जास्त जवान तिकडे कामी आले होते.

काही लोक म्हणतात, असे प्रश्न विचारणं म्हणजे शहिदांचा अपमान. मला हे मुळीच पटत नाही. त्या माउलीनं पोराचा अपमान केला नव्हता. कशासाठी पाठवलं, तिकडे काय वाढून ठेवलंय याची खबर होती का, परत कधी आणणार, हे विचारायचा पहिला हक्क तिचाच होता. ज्यांनी उत्तर द्यायचं ते दिल्लीत होते, आणि तिच्या ओट्यापर्यंत त्यांच्यापैकी कुणी आलं नाही.

दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक व्हायला 2019 उजाडलं. त्याआधीच कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या संसदेपाशी, आपल्या या जवानांची नावं दगडावर कोरली गेली होती. आपल्या गावांत मात्र शांतिसेनेत गेलेली माणसं अजून आहेत, सत्तरीकडे झुकलेली. 26 जानेवारीला त्यांना झेंड्याला बोलवा, शाल द्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन, वेळ काढून, तिकडे काय झालं ते विचारा आणि लिहून घ्या.